वैमानिकाचे प्रशिक्षण आणि बारावीचे गुण : अर्जदारांसाठी काही सूचना

दर वर्षी बारावीचा निकाल लागला, की ज्यांच्या घरी विमानविद्येचा ध्यास घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे असे पालक एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारू लागतात : एवढ्या गुणांत प्रवेश मिळेल का? कोणाची टक्केवारी ९२ असते आणि तरीही त्यांची धाकधूक संपलेली नसते. कोणाची ५४ असते आणि त्यांनी मनातल्या मनात हा मार्ग केव्हाच सोडून दिलेला असतो. मौज अशी, की या दोघांपैकी पहिल्याचा अर्ज फेटाळला जाऊन दुसऱ्याचा स्वीकारला जाणे पूर्णपणे संभवनीय आहे. कारण ९२ टक्केवाल्याने वैद्यकीय शाखेच्या आशेने अकरावीतच गणित सोडून जीवशास्त्र घेतलेले असते, आणि ५४ टक्केवाल्याच्या गुणपत्रिकेवर, काठावरचे का होईना, पण भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय उत्तीर्ण म्हणून नोंदलेले असतात. अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीच्या प्रवेशांनी आपल्याला गुणवत्तायादीची जी सवय लावून ठेवली आहे, ती या क्षेत्राचा विचार करताना प्रथम बाजूस ठेवावी लागते, आणि नियम काय मागतो, संस्था काय मागते व पुढे नोकरी देणारी कंपनी काय मागते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात.

नियमात काय आहे

विमान कंपनीत वैमानिक व्हावयाचे तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो, बोलण्यात ज्याला सर्वजण सीपीएल म्हणतात. तो देणारी कचेरी म्हणजे केंद्र सरकारचे नागर विमानवाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए. १९३७ च्या विमान नियमावलीने या परवान्यासाठी शिक्षणाची जी अट घातली आहे ती अगदी आटोपशीर आहे : अर्जदार मान्यताप्राप्त मंडळाची बारावी, किंवा तिची समकक्ष परीक्षा, भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह उत्तीर्ण असावा. किती गुणांनी, याविषयी नियम मौन पाळतो. आपल्या राज्य मंडळात उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. महासंचालनालयाच्या दृष्टीने गणितात ३५ मिळवणारा आणि ९५ मिळवणारा हे दोघे एकाच पंक्तीला बसतात.

मात्र परवाने एकाहून अधिक आहेत, आणि त्यांच्या अटींची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळांची दिशाभूल होते, म्हणून त्या येथे वेगळ्या मांडतो :

- विद्यार्थी वैमानिकाचा परवाना : वय किमान १६ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण.
- खासगी वैमानिकाचा परवाना : वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण.
- व्यावसायिक वैमानिकाचा परवाना : वय किमान १८ वर्षे, बारावीत भौतिकशास्त्र व गणित, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, आणि किमान २०० तासांचे उड्डाण.

एखादा फ्लाइंग क्लब दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या मुलास विमानात बसवून शिकवू लागला, तर त्यात बेकायदा काही नाही. परंतु त्यावरून पुढचा व्यावसायिक परवानाही त्याच गुणपत्रिकेवर मिळेल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जेईई, नीट किंवा राज्याची सीईटी यांपैकी कोणतीही परीक्षा या परवान्यासाठी लागत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

भौतिकशास्त्र व गणिताची ही अट अनादि नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वी दहावीच्या शिक्षणावर व्यावसायिक परवाना मिळत असे, आणि ही अट पुन्हा शिथिल करावी असा विचार चालू असल्याच्या बातम्या २०२५ साली वृत्तपत्रांतून झळकल्याही होत्या. बातमीच्या भरवशावर कला किंवा वाणिज्य शाखेत निश्चिंत बसून राहणे मात्र शहाणपणाचे नाही. विचार जेव्हा अधिसूचनेच्या रूपाने राजपत्रात उतरतो, तेव्हाच तो अर्जदाराच्या उपयोगाचा होतो.

मग टक्केवारी विचारतो कोण?

टक्केवारी विचारते ती प्रवेश देणारी संस्था, आणि तीही सर्वच नव्हेत. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात फुरसतगंज येथे १९८५ साली स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था बारावीच्या विषयांत साधारणपणे निम्म्याच्या आसपास गुणांची अट घालते, राखीव प्रवर्गांना त्यात काही सवलत देते, आणि त्यानंतर इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र व तर्कबुद्धी यांची स्वतःची लेखी परीक्षा, वैमानिकी कलचाचणी आणि मुलाखत घेऊन निवड करते. किमान अट ओलांडल्यानंतर बारावीचे गुण तेथे मागे पडतात. ५१ वाला ९१ वाल्याच्या पुढे जातो तो या चाचण्यांच्या जोरावर.

विमान कंपन्यांनी ज्या छात्र वैमानिक योजना चालविल्या आहेत, ज्यांत प्रशिक्षण व पुढील नोकरीची शक्यता यांची सांगड घातलेली असते, त्यांतही भौतिकशास्त्र, गणित व इंग्रजी यांत किमान टक्केवारी मागितली जाते. ती बहुधा ५० च्या घरात असते, क्वचित त्याहून अधिक. याउलट आपल्या राज्यात धुळे, बारामती, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षणाची जी केंद्रे आहेत, त्यांपैकी पुष्कळशी महासंचालनालयाच्या अटीवर संतुष्ट असतात, आणि काही स्वतःची चाचणी घेतात. शासनाच्या किंवा महामंडळांच्या अर्थसाहाय्याच्या योजनांत, जशी महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमधील प्रशिक्षणासाठी जाहीर केली होती, गुणांचा निकष जाहिरातीगणिक बदलतो. तो त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावा, गतवर्षीच्या उमेदवाराच्या तोंडून ऐकू नये.

माहितीपत्रक वाचताना दोन शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. अट ‘एकूण’ टक्केवारीची आहे, की ‘प्रत्येक विषयातील’ टक्केवारीची? ज्याला एकंदर ७८ टक्के आहेत पण गणितात ४३ आहेत, तो पहिल्या अटीत बसतो आणि दुसरीत अडतो. आणि क्रीडेच्या सवलतीच्या गुणांनी फुगलेली एकूण टक्केवारी दुसऱ्या अटीपुढे काहीच कामाला येत नाही.

जे.आर.डी. टाटांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि तरी १९२९ साली भारतात दिल्या गेलेल्या पहिल्या वैमानिक परवान्याचे ते मानकरी झाले, हे उदाहरण घरोघरी दिले जाते. उदाहरण खरे आहे; आजच्या अर्जदाराला त्याचा उपयोग शून्य आहे.

ज्यांनी गणित किंवा भौतिकशास्त्र घेतलेच नाही

आमच्या पाहण्यात सर्वांत मोठी अडचण कमी गुणांची नसून विषयच नसण्याची असते, आणि ती आपल्या राज्यात विशेष आढळते, कारण येथे विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यास गणित न घेताही बारावी होता येते. वाणिज्य व कला शाखेतील मुलांचे तर दोन्ही विषय राहिलेले असतात. अशांनी पुन्हा दोन वर्षे महाविद्यालयात घालवावयाची आवश्यकता नाही. त्यांच्यापुढे साधारणतः हे पर्याय असतात :

- राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला एनआयओएस म्हणतात, तिच्या उच्च माध्यमिक स्तरावर केवळ हवे ते विषय घेऊन अंशतः प्रवेश मिळतो. गणिताचा विषयक्रमांक ३११ व भौतिकशास्त्राचा ३१२ आहे. वर्षातून दोन मुख्य परीक्षा होतात, एक एप्रिल-मेच्या सुमारास व दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ज्यांची बारावी आधीच झालेली आहे त्यांस हा मार्ग सर्वांत सरळ पडतो.
- राज्य मंडळातर्फे राहिलेला विषय पृथक विषय म्हणून देता येईल काय, याची चौकशी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात व विभागीय मंडळाच्या कचेरीत करावी. अर्जाच्या मुदती बहुधा परीक्षेच्या कितीतरी आधी संपतात, म्हणून ही चौकशी पावसाळ्यातच उरकावी.
- तंत्रनिकेतनातील पदविकाधारकांनी आपली पदविका बारावीस समकक्ष आहे व तीत भौतिकशास्त्र व गणित शिकविले गेले आहे, असा लेखी दाखला संबंधित तंत्रशिक्षण मंडळाकडून मिळवावा आणि तो महासंचालनालयास मान्य होईल याची खातरजमा प्रवेशापूर्वीच करून घ्यावी. ‘चालून जाईल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्यापैकी कोणीही पुढे आपल्याबरोबर दिल्लीच्या कचेरीत येत नाही.

एनआयओएसमधून भौतिकशास्त्र घेणाऱ्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेची तजवीज विसरू नये. ती अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष हजर राहूनच द्यावी लागते. याहून मोठा धोका असा, की ‘घरबसल्या बारावी, परीक्षेविना बारावी’ अशी आमिषे दाखविणारी मुक्त मंडळेही बाजारात आहेत. ज्या मंडळाची परीक्षा आपण देणार, ते मान्यताप्राप्त आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे; नंतर पाहिल्याने फक्त मनस्ताप वाढतो.

गुण थोडक्यात हुकले असतील तर

छात्र योजनेची अट ५० ची आणि गणितात ४७, अशी परिस्थिती असेल तर हताश होण्यापूर्वी मंडळाने दिलेले अधिकार वापरावेत. निकालानंतर ठरावीक मुदतीत गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि छायाप्रत पाहून विषयशिक्षकांचे मत अनुकूल पडल्यास पुनर्मूल्यांकन मागता येते. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत आधी घेणे बंधनकारक आहे, आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून ‘बघू, पुढच्या आठवड्यात’ हे धोरण येथे अंगलट येते. जे अनुत्तीर्ण झाले त्यांस पुरवणी परीक्षा आहे; जे उत्तीर्ण झाले पण गुण वाढवू इच्छितात त्यांस श्रेणीसुधार योजना आहे, आणि तीत सुधारणा न झाल्यास पहिली गुणपत्रिका बुडत नाही.

मात्र एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्या संस्थेत आपण जाणार आहात ती मुळात टक्केवारी मागते का? मागत नसेल, तर ४७ चे ५५ करण्यात एक वर्ष घालविणे हा आमच्या मते केवळ अभिमानाचा खर्च आहे. तेच वर्ष महासंचालनालयाच्या लेखी परीक्षांना देणे अधिक फलदायी ठरेल.

गुणपत्रिकेवरील गुणांहून तिच्यावरील नाव अधिक छळते

महासंचालनालयाच्या परीक्षांना बसण्यासाठी प्रथम संगणक क्रमांक काढावा लागतो. हा अर्ज ईजीसीए या शासकीय संकेतस्थळावरून होतो, आणि त्याच्याबरोबर शैक्षणिक दस्तऐवज जोडावे लागतात. गुणपत्रिका खरी आहे याविषयी मंडळाचा पडताळणी दाखलाही मागितला जातो, जो आपल्या विभागीय मंडळाकडून मिळवावयास काही आठवडे लागू शकतात. ही काटेकोर छाननी कोणास त्रासदायक वाटेल; परंतु खोट्या गुणपत्रिका जोडून वरिष्ठ परवाना मिळविल्याची प्रकरणे २०११ साली उघडकीस येऊन काही वैमानिकांना अटक झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे प्रयोजन कळते.

मराठी अर्जदाराची खरी अडचण नावाच्या क्रमात आहे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव निराळे. आधार पत्रावर क्रम उलटा. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात. आणि कोठे ‘राव’ जोडलेला तर कोठे गळालेला. घरात हे सर्व एकच माणूस आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण दिल्लीतील कारकुनास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. यासाठी :

- दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव व जन्मतारीख प्रमाण धरून आधार, पारपत्र व बँकेचे खाते त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे.
- प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा.
- नाव मुळातूनच बदललेले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी.
- कोणत्याही संस्थेत मूळ गुणपत्रिका ठेवावयास देऊ नये. ती दाखवावी, सत्यप्रत द्यावी आणि मूळ परत घ्यावी.

गुणांची खरी कसोटी पुढे आहे

शाळेत ३५ ला उत्तीर्ण झालेल्यास आनंदाने प्रवेश देणारे हेच खाते स्वतःच्या लेखी परीक्षांत मात्र प्रत्येक विषयात ७० टक्के मागते. हवाई मार्गनिर्देशन, विमानवाहतुकीचे हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे सर्वसाधारण तांत्रिक ज्ञान व विशिष्ट विमानाचे तांत्रिक ज्ञान असे हे विषय आहेत. ६९ पडले तर तो विषय पुन्हा द्यावा लागतो. त्यांखेरीज बिनतारी संभाषणाची आरटीआर ही परीक्षा असते, जी पूर्वी दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत होती आणि जिची व्यवस्था २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने विमानवाहतूक खात्याकडे सोपविण्याची तरतूद केली.

म्हणून बारावीच्या गुणांविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की ते प्रवेशासाठी फारसे महत्त्वाचे नसले तरी स्वतःची परीक्षा म्हणून त्यांकडे प्रामाणिकपणे पाहावे. गणितात ३८ का पडले? आजारपणामुळे, कंटाळ्यामुळे, की अपूर्णांक व गुणोत्तर यांचीच भीती आहे म्हणून? पहिली दोन कारणे मार्गात येत नाहीत, तिसरे येते. या विद्येला कलनशास्त्रातील कूटप्रश्न लागत नाहीत. तिला त्रिकोणमिती, एकके, प्रमाण आणि जलद तोंडी हिशेब लागतात. ताशी १२० सागरी मैल वेगाने ९० सागरी मैल जावयास ४५ मिनिटे लागतात, आणि तासाला ३२ लिटर इंधन जळत असेल तर तेवढ्यात २४ लिटर संपते, हे ज्यास कागदाविना सांगता येते, किंवा थोड्या सरावाने सांगता येईल असा भरवसा वाटतो, त्याने आपल्या ३८ गुणांची चिंता सोडून द्यावी. मार्ग एका अंशाने चुकला तर ६० सागरी मैलांनंतर विमान सुमारे एक मैल बाजूला गेलेले असते. गणित एवढेच असते, पण ते वाऱ्यात, कानांवर आवाज आदळत असताना, करावयाचे असते.

मराठी माध्यमात शिकल्याने कोणाचे काही अडत नाही. इंग्रजी मात्र बोलता व ऐकून समजता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय मोजमापानुसार किमान चौथा स्तर वैमानिकास अनिवार्य आहे, आणि बारावीच्या इंग्रजीत मिळालेले ८५ गुण संभाषणाच्या कामी येतीलच असे नाही.

परदेशी प्रशिक्षणाचा फसवा दरवाजा

अमेरिकेत व्यावसायिक परवान्यासाठी शालेय गुण विचारत नाहीत. १८ वर्षे वय व इंग्रजी लिहिण्या-वाचण्या-बोलण्याची क्षमता असली की तेथील खात्याचे समाधान होते. गणित नसलेला विद्यार्थी तेथे जातो, परवाना घेतो, आणि तो भारतीय परवान्यात परिवर्तित करण्यासाठी येथे अर्ज करतो, तेव्हा महासंचालनालय त्याच्याकडे बारावीचे भौतिकशास्त्र व गणित मागते. मध्यस्थ हे आधी सांगतीलच, अशी अपेक्षा ठेवू नये.

पैसे कोणत्या क्रमाने द्यावेत

व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज सुमारे ४० ते ६० लाखांच्या घरात जातो, त्यानंतर विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च निराळा, आणि कंपन्यांच्या छात्र योजनांत एकंदर आकडा कोटीच्याही पुढे जाऊ शकतो. ज्या घरात ही रक्कम कर्जाने उभी राहावयाची आहे, त्या घराने गुणपत्रिकेनंतर लगेच शुल्काची पावती फाडू नये. आधी द्वितीय श्रेणीची व मग प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी महासंचालनालयाने नेमलेल्या वैद्यकांकडून करून घ्यावी. चष्म्याने सहसा अडत नाही, परंतु रंगांधळेपणासारखा दोष निघाल्यास ९५ टक्के गुण त्याची भरपाई करू शकत नाहीत. मग संस्था निवडावी. ती मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे काय, आणि २०२५ पासून महासंचालनालय प्रशिक्षण संस्थांची जी क्रमवारी वर्षातून दोनदा काढू लागले आहे तीत तिचे स्थान कोठे, हे पाहावे. विमाने किती उडण्याच्या स्थितीत आहेत, मागील तुकडीला २०० तास पुरे करण्यास किती महिने लागले, आणि मध्येच सोडल्यास शुल्काचा कोणता भाग परत मिळेल, ही उत्तरे लेखी घ्यावीत. शिकवणी वर्गांनी नोकरीची हमी देणाऱ्या फसव्या जाहिराती करू नयेत, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली काढलेले आहेत. अशा जाहिरातीने फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि ती नोंदविताना जाहिरातीचे कात्रण व प्रत्येक पावती आपल्याजवळ असावी.

बारावीत भौतिकशास्त्र व गणित उत्तीर्ण असलेल्या प्रत्येक अर्जदारास आमची विनंती एवढीच, की जमिनीचा सातबारा किंवा घराचे कागद बँकेत नेण्यापूर्वी प्रथम श्रेणीचा वैद्यकीय दाखला स्वतःच्या हातात आलेला असू द्यावा.